फळ्यावरून पडद्यावर : गणित दिसले, पण उमगले का?

दहावीचा वर्तुळाचा धडा मी त्या वर्षी प्रथमच प्रोजेक्टरवर शिकवणार होते. शाळेला देणगीतून नवा प्रोजेक्टर मिळाला होता आणि गणिताची शिक्षिका म्हणून तो वापरून दाखवण्याची पहिली जबाबदारी माझ्यावर आली. रविवारची सगळी दुपार आणि अर्धी रात्र बसून मी ४२ स्लाइड्स तयार केल्या. प्रमेयांची विधाने निळ्या अक्षरांत, सिद्धता हिरव्या अक्षरांत. प्रत्येक ओळ बाजूने सरकत यावी म्हणून माझ्या मुलाने अॅनिमेशन लावून दिले. कोपऱ्यात एक टाळ्या वाजवणारे अस्वलही बसवले.

वर्गाच्या खिडक्यांना जुन्या चादरी बांधून अंधार केला. मुले खूश होती, मीही खूश होते. ज्या धड्याला फळ्यावर सहा तासिका लागायच्या, तो तीन तासिकांत ‘संपला’. मुख्याध्यापकांनी कौतुक केले.

आठवड्याने चाचणी घेतली. आंतरलिखित कोनाचे प्रमेय लिहा, असा साधा प्रश्न होता. बहुतेकांनी विधान बरोबर लिहिले, आकृतीही काढली. सिद्धतेच्या जागी मात्र कोरा कागद! नेहमी पहिल्या पाचांत येणाऱ्या एका मुलीचाही तोच प्रकार. तिला बाजूला बोलावून विचारले, तेव्हा थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “मॅडम, तुम्ही फळ्यावर लिहायचात तेव्हा तुमच्याबरोबर आमचाही हात चालायचा. आता तुम्ही बटण दाबता आणि आम्ही बघतो. बघताना सगळं समजतं. घरी गेल्यावर काहीच राहत नाही.”

त्या मुलीने एका वाक्यात माझी चूक दाखवून दिली. आज गल्लोगल्लीच्या शाळा ‘डिजिटल क्लासरूम’च्या पाट्या लावतात, फीमध्ये त्याचा वेगळा आकार घेतात. पोटाला चिमटा काढून आई-वडील तो भरतात. आपल्या मुलांना त्यातून खरोखर काय मिळते, हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे. म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

खडूची चाल

फळ्यावर लिहिणारा शिक्षक नाइलाजाने हळू चालतो. एक ओळ लिहायची, थांबायचे, मागे वळून पाहायचे, पुढची ओळ लिहायची. तेवढ्या वेळात मूल वहीत ती ओळ उतरवते. उतरवताना ‘हे कुठून आले?’ असा प्रश्न त्याच्या मनात उठतो. खडूचा हा संथपणा आपल्याला दोष वाटतो, पण गणितात तोच विचाराला जागा देतो.

माणसाच्या मनाला एका वेळी थोड्याच नव्या गोष्टी धरून ठेवता येतात. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये गणिती उदाहरणे सोडवणाऱ्यांच्या मनावर पडणाऱ्या या ओझ्याविषयी लिहिले. पुढे कॅलिफोर्नियातील रिचर्ड मेयर यांनी चित्र, शब्द आणि आवाज एकत्र वापरून शिकवताना काय उपयोगी पडते आणि काय आड येते, याचे अनेक वर्षे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष थोडक्यात असे : नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र मिळून शिकणे चांगले. पण विषयाशी संबंध नसलेली सजावट लक्ष पळवते. चित्र दाखवत तोंडाने समजावताना तेच वाक्य पडद्यावरही छापून ठेवले तर फायदा होण्याऐवजी अडथळा होतो, कारण मुले वाचू की ऐकू की चित्र पाहू, अशा कात्रीत सापडतात. आणि पुढे कधी जायचे हे शिकणाऱ्याच्या हातात असेल, तर शिकणे अधिक पक्के होते.

माझ्या ४२ स्लाइड्स या कसोटीवर लावून पाहिल्या. अस्वल होते, छापलेली वाक्ये मी मोठ्याने वाचत होते आणि वेग माझ्या बोटाच्या हातात होता. म्हणजे करू नये ते सगळे मी मनापासून केले होते!

यात त्या साधनाचा दोष नाही. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आले ते कंपन्यांच्या बैठकांत आपले म्हणणे मांडणाऱ्यांसाठी. तिथे बोलणाऱ्याला निष्कर्ष सांगायचा असतो. गणिताच्या वर्गात निष्कर्ष पुस्तकात आधीच छापलेला असतो. तिथपर्यंत पोचायची वाट मुलांना स्वतः चालायची असते.

फळ्याला जे जमत नाही

मग पडदा गुंडाळून ठेवावा का? रागाच्या भरात मी महिनाभर तसेच केले. पण फळ्यालाही एक मर्यादा आहे. फळ्यावरची आकृती हलत नाही.

पुढच्या वर्षी मी तोच धडा घेतला, या वेळी जिओजेब्रा वापरून. हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात शिकताना २००१ मध्ये बनवायला घेतले. त्यात काढलेली आकृती बोटाने ओढता येते. पडद्यावर फक्त एक वर्तुळ होते. त्यावर क आणि ख हे दोन बिंदू, मध्यभागी केंद्र. क आणि ख केंद्राशी जोडले, तिथला कोन ८० अंश. आता वर्तुळाच्या मोठ्या कंसावर प हा तिसरा बिंदू घेऊन तो क आणि ख यांच्याशी जोडला. प जवळचा कोन दिसला ४० अंश.

मी विचारले, “हा प बिंदू वर्तुळावरून पुढे सरकवला तर कोन वाढेल की कमी होईल? आधी वहीत लिहा, मग बघू.” निम्म्या वर्गाने वाढेल लिहिले, बाकीच्यांनी कमी होईल. मग एका मुलाला उठवून माउस हातात दिला. बिंदू सरकला, रेषा तिरप्या झाल्या, त्रिकोणाचा सगळा आकार बदलला. कोन मात्र ४०! आणखी सरकला, तरी ४०! वर्गात गलका झाला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, “क च्या पलीकडे ने!” बिंदू क ओलांडून लहान कंसावर गेला आणि आकडा एकदम १४० झाला. एक क्षण शांतता. मग एक मुलगी हळूच म्हणाली, “४० आणि १४०... १८०.” चक्रीय चौकोनाचा पुढचा सगळा धडा त्या एका वाक्यात आला होता. तो मी शिकवला नव्हता. मुलांनी शोधला होता.

इथे मी प्रोजेक्टर बंद केला. कारण बिंदू पन्नास ठिकाणी नेऊन पाहिला तरी ती सिद्धता होत नाही, पन्नास उदाहरणे होतात. “प्रत्येक जागी असेच का होते?” हा प्रश्न फळ्यावर लिहिला. प आणि केंद्र जोडले. त्रिज्या सारख्या, म्हणून दोन समद्विभुज त्रिकोण मिळाले. त्यांचे बाह्यकोन आतल्या कोनांच्या दुप्पट. एकेक ओळ खडूने फळ्यावर आणि पेनाने वहीत उतरली. त्या दिवशी माझ्या हातून एकच आकृती दाखवली गेली आणि एकच सिद्धता लिहिली गेली. पण चाचणीत ती बहुतेकांना आली.

आकृती हलवून प्रश्न उभा करायचा तो पडद्याने. उत्तर मिळवायचे ते मुलांच्या हाताने. तेव्हापासून मी ही वाटणी पाळते.

बगदादमधली आकृती

जिओजेब्रा हे नाव भूमिती आणि बीजगणित यांच्या इंग्रजी नावांच्या जोडाने बनले आहे. त्यातला ‘जेब्रा’ आला अल्जेब्रामधून आणि अल्जेब्रा आला अरबी ‘अल-जब्र’ या शब्दातून. इसवी सन ८२० च्या सुमारास बगदादमध्ये, खलिफा अल-मामूनच्या काळात, मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात हा शब्द आहे. संगणकाच्या दुनियेत रोज कानावर पडणारा ‘अल्गोरिदम’ हा शब्दही त्यांच्याच नावावरून आला.

त्या ग्रंथात आजच्यासारखी चिन्हे नाहीत. समीकरणे शब्दांत सांगितली आहेत आणि ती का सुटतात हे आकृती काढून दाखवले आहे. त्यातले एक प्रसिद्ध उदाहरण असे : एका चौरसाच्या क्षेत्रफळात त्याच्या बाजूची दहापट मिळवली तर ३९ होतात, तर बाजू किती?

घरी कागद आणि कात्री घेऊन हे करता येईल. आधी एक चौरस कापा. बाजूची दहापट म्हणजे बाजूएवढी लांब आणि १० रुंद अशी पट्टी. तिचे चार सारखे भाग केले की प्रत्येक पट्टी अडीच रुंद होते. या चार पट्ट्या चौरसाच्या चार बाजूंना लावा. सगळे मिळून क्षेत्रफळ ३९. आकृती आता अधिकच्या चिन्हासारखी दिसते आणि तिचे चार कोपरे रिकामे आहेत. प्रत्येक कोपरा अडीच बाय अडीच, म्हणजे सव्वासहा. चारही मिळून २५. कोपरे भरले की ३९ आणि २५ मिळून ६४ चा पूर्ण चौरस होतो. त्याची बाजू ८. दोन्हीकडच्या पट्ट्यांचे अडीच-अडीच मिळून ५ वजा केले की राहिले ३. पडताळून पाहा : ३ चा वर्ग ९, बाजूची दहापट ३०, बेरीज ३९.

दहावीच्या बीजगणितात ‘पूर्ण वर्ग पद्धती’ म्हणून आपली मुले जी रीत पाठ करतात, ती हीच. ‘निम्मे करा, वर्ग करा, दोन्ही बाजूंस मिळवा’ असे सूत्र घोकणाऱ्या मुलाला २५ कुठून आले हे सांगता येत नाही. ज्याने रिकामे कोपरे डोळ्यांनी पाहिले, त्याला ते विसरता येत नाही.

हा धडा मी स्लाइड्सवर घेते, पण आता त्या पाचच असतात. पट्ट्या एकेक करून लागतात आणि कोपरे रिकामे असताना मी थांबते. स्लाइड चालू असताना कीबोर्डवरचे ‘बी’ हे अक्षर दाबले की पडदा काळा होतो. ही छोटी युक्ती शिक्षकांनी जरूर वापरावी. पडदा काळा करायचा आणि म्हणायचे, “पुढची आकृती तुम्ही काढा.”

मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल

आपल्या घरांतली एक अडचण इतरांच्या सहसा लक्षात येत नाही. एकाच घरात थोरली मुलगी उर्दू माध्यमात, मधला मुलगा मराठीत आणि धाकटा सेमी इंग्रजीत शिकतो. थोरलीचा मुसल्लस हा मधल्याचा त्रिकोण आणि धाकट्याचा ट्रँगल. तिची जाविया तो त्याचा कोन. उर्दू पुस्तकात मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा आणि त्यातच समीकरण डावीकडून उजवीकडे. माध्यम बदलून आलेले मूल वर्गात गप्प बसते, तेव्हा त्याला गणित येत नाही असे आपण ठरवून टाकतो. पुष्कळदा त्याला शब्द आलेला नसतो.

हलणारी आकृती इथे मोठा आधार देते. बिंदू सरकला आणि कोन तसाच राहिला, हे पाहायला कुठलीच भाषा लागत नाही. आधी पाहू द्यावे, मुलाला घरच्या बोलीत सांगू द्यावे, मग पुस्तकातला शब्द द्यावा. थोरल्या बहिणीने उर्दूत समजलेली गोष्ट धाकट्याला आकृतीवर बोट ठेवून सांगावी. सांगणाऱ्याचेही गणित पक्के होते.

घरातला एकच मोबाइल

महागडा टॅब, हप्त्यांवर घेतलेले अॅप, वर्षभराचे पॅकेज असे बरेच काही विकायला माणसे दारात येतात. सही करण्याआधी जे फुकट मिळते ते पाहावे. बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानावर आणि धड्यांमध्ये क्यूआर कोड असतात. दीक्षा अॅपने ते स्कॅन केले की त्या धड्याचे दृकश्राव्य साहित्य उघडते. पुस्तकांना असे कोड जोडण्याची वाट दाखवणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी होते. त्यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. जिओजेब्रा साध्या मोबाइलवरही चालते.

खान अकॅडमीचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. सलमान खान (नट नव्हेत!) हे २००४ मध्ये दूर गावी राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या बहिणीला गणितात मदत करू लागले आणि त्यातूनच पुढे ही संस्था उभी राहिली. त्यांचे गणिताचे व्हिडिओ पाहा. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत अक्षरे हाताने हळूहळू उमटत जातात आणि मागून आवाज येतो. शिकवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, नाचणारे अस्वल तर नाहीच. जगभर पाहिले जाणारे हे व्हिडिओ म्हणजे आपला जुना फळाच आहे! फरक एवढाच की मुलाला तो थांबवता येतो.

म्हणून घरी एक नियम करावा. व्हिडिओ पाहताना वही उघडी आणि पेन हातात. उदाहरण मांडले गेले की व्हिडिओ थांबवायचा, स्वतः सोडवायचे, मग पुढे पाहायचे. एका वेळी एकच व्हिडिओ. आपोआप सुरू होणारा पुढचा बंद ठेवावा. नाही तर वर्गसमीकरणावरून सुरू झालेली संध्याकाळ क्रिकेटच्या षटकारांवर संपते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरात मोबाइल एक आणि शिकणारी मुले तीन असली की तो आधी कोणाला मिळतो? मुलगा जेवून उठतो आणि मोबाइल घेऊन बसतो. मुलगी भांडी आवरून येईपर्यंत मोबाइलची बॅटरी आणि घरच्यांचा धीर दोन्ही संपलेले असतात. मग नववीत आपण म्हणतो, “हिला गणित जमत नाही.” जमण्यासाठी तिला किती वेळ दिला, याचा हिशेब आपणच मांडावा. भिंतीवर वेळापत्रक लावा. त्यात मुलीचे नाव वर असू द्या.

इराणच्या मरियम मिर्झाखानी यांना २०१४ मध्ये गणितातला सर्वोच्च मानला जाणारा फील्ड्स सन्मान मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. मोठमोठे कागद जमिनीवर पसरून त्या त्यावर पुन्हा पुन्हा आकृत्या काढत बसत. त्यांच्या लहान मुलीला वाटे, आई चित्रे रंगवते आहे. त्यांनाही गणित हाताने काढूनच पाहावे लागत होते, हे आपल्या मुलींना जरूर सांगावे.

पालकसभेत काय विचाराल?

‘स्मार्ट बोर्ड आहे का?’ हा प्रश्न पुरेसा नाही. विचारा की गणिताच्या तासाला मुलांचा हात किती वेळ चालतो? आकृती हलवायला मुलांना मिळते की फक्त शिक्षकांना? वीज गेली तर तास चालू राहतो का? स्लाइड दाखवल्यावर तेच उदाहरण मुलांकडून फळ्यावर करून घेतले जाते का? शिक्षकांना हे प्रश्न टोचणार नाहीत. पालक इतक्या बारकाईने पाहतात, याचे चांगल्या शिक्षकाला बरेच वाटते. मला तरी वाटले असते.

आणि संध्याकाळी घरी, तुम्हाला स्वतःला गणित येत नसले तरी एक गोष्ट नक्की करता येईल. मूल म्हणेल, “आज पडद्यावर खूप छान दाखवलं.” तेव्हा एक कोरा कागद पुढे करा आणि म्हणा, “मला काढून दाखव.” बरोबर की चूक हे तुम्ही तपासायचे नाही. फक्त ऐकायचे आणि “हे असं का?” एवढे विचारायचे. जिथे त्याचा हात थांबेल, तिथे त्याचा खरा अभ्यास सुरू होतो.

ज्या मुलीने मला माझी चूक दाखवली, ती दहावी होऊन गेली. जाताना तिने मला गणिताची वही दाखवली. वर्तुळाच्या पानावर तीच सिद्धता तिने तीन वेळा लिहिली होती. पहिल्यांदा खाडाखोड, दुसऱ्यांदा अर्धी, तिसऱ्यांदा पूर्ण. माझ्या त्या ४२ स्लाइड्स आजही पेन ड्राइव्हमध्ये पडून आहेत. मधूनमधून उघडून पाहते. अस्वल अजून टाळ्या वाजवते आहे.